नवी डिस्क दिसेना, म्हणून जुनी पुसू नका

व्यापाऱ्याची चोपडी आता लाल कापडात बांधलेली राहिली नाही. उधारी, जमा, दलाली, सुताची खरेदी, कापडाचे ताके, सारे काही संगणकात गेले. चोपडी भिजली तर उन्हात वाळवता येत असे. संगणकातील डिस्क एकदा पुसली की मात्र हात चोळत बसावे लागते. मागील नोव्हेंबरात आमच्या दुकानावर ही वेळ येता येता टळली. व्यापारी बंधूंना त्यापासून काही फायदा व्हावा, म्हणून तो तजुर्बा येथे मांडतो.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० या प्रणालीची नियमित मोफत देखभाल थांबवली. आमचा भिवंडीतील दुकानाचा संगणक जुना. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमच्या संगणकात दोन्ही नव्हते. भाचा म्हणाला, "मामू, तयार संगणक नको. सुटे भाग आणू, मी घरीच जोडून देतो." मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून माल आणला. त्याने एका रविवारी बसून तो जोडला आणि जुन्या संगणकातील हिशेबाची डिस्कही त्यातच बसवली. आता फक्त विंडोज चढवायचे बाकी होते. भाचा कॉलेजच्या परीक्षेत अडकला, म्हणून ते काम ओळखीच्या एका कारागिराला सांगितले.

मोजमापाने वाचवले

तारीख १८ होती. दोन दिवसांवर जीएसटीचे विवरणपत्र भरायचे होते. कारागिराने पेनड्राइव्ह लावून काम सुरू केले. विंडोज कोठे चढवायचे, असे विचारणारा पडदा आला. त्यावर एकच डिस्क दिसत होती आणि पुढे आकडा होता ४६५. तो म्हणाला, "ही तुमची नवी डिस्क. यात काही जुने भाग दिसतात, ते डिलीट करून टाकतो."

माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. संगणकाची इंग्रजी मी अडखळत वाचतो. पण आकडा तो आकडाच. मी म्हटले, "थांबा. मी एक हजार जीबीचे पैसे मोजले आहेत, येथे निम्मेसुद्धा नाहीत." तो म्हणाला, "शेठ, कंपन्या सांगतात त्यापेक्षा कमीच भरते."

त्याचे बोलणे अर्धे खरे होते. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४च्या पटीत मोजते. आपण वार आणि मीटर यांचा फरक जाणतो, १०० वार म्हणजे ९१.४४ मीटर, तसाच हा हिशेब. त्यामुळे १००० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ दिसते आणि ५०० जीबीची ४६५. म्हणजे पडद्यावरची डिस्क नवी नव्हती. ती ५०० जीबीची आमची जुनी हिशेबाची डिस्क होती! तिची दुसरी प्रत आम्ही शेवटची मार्चमध्ये काढलेली. एक बटण दाबले असते तर सात महिन्यांची उधारी गेली असती. मी काम तेथेच थांबवले.

कारागिराने मग दुसरा निकाल दिला: "नवी डिस्क मेलेली निघाली, दुसरी घ्यावी लागेल." हा निकालही चुकीचा ठरला.

मधला माणूस कोण?

संध्याकाळी भाचा आला. त्याने प्रथम संगणकाच्या बायोसमध्ये जाऊन पाहिले. विंडोज नसतानाही मदरबोर्डला जे जे जोडले आहे त्याची माहिती तेथे मिळते. नव्या डिस्कचे नाव तेथे होते. याचा अर्थ डिस्क जिवंत होती, तिची जोडणीही ठीक होती. फक्त विंडोजच्या पेनड्राइव्हला ती ओळखता येत नव्हती.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. विंडोज स्वतः कोणत्याही यंत्रभागाशी थेट बोलत नाही. मध्ये एक छोटा दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. सर्वसाधारण डिस्कचे दुभाषे विंडोजबरोबरच येतात. परंतु इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक संगणकांत व्हीएमडी नावाची एक सोय असते. ती चालू असली की एनव्हीएमई जातीच्या नव्या डिस्क तिच्या ताब्यात जातात. तिचा दुभाषा चढवणीच्या पेनड्राइव्हमध्ये नसला की डिस्क पडद्यावर येत नाही. आमच्या बोर्डवर ही सोय फक्त एनव्हीएमई खोबणीला लागू होती. जुनी डिस्क साटा तारेवर होती, म्हणून ती एकटी दिसली. धोका नेमका येथेच होता.

ही अडचण तशी जुनी आहे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीच्या वेळी साटा किंवा रेड जोडणीच्या डिस्कसाठी सुरुवातीलाच एफ ६ ही कळ दाबावी लागे आणि ड्रायव्हर फ्लॉपीवरूनच द्यावा लागे. पुष्कळांनी केवळ तेवढ्यासाठी फ्लॉपीचे यंत्र विकत घेतले. पुढे विंडोज व्हिस्टापासून सीडी आणि पेनड्राइव्हही चालू लागले. विंडोज ७ला एनव्हीएमई डिस्क मुळात ओळखता येत नव्हती, विंडोज ८.१ला येऊ लागली. डिस्कची जात बदलली की दुभाषा नवा लागतो, हा कायदा मात्र तोच राहिला.

मग काय केले?

भाच्याने आधी संगणक बंद करून जुन्या डिस्कची तार काढली. "आता चूक झाली तरी अमानत सुरक्षित," असे तो म्हणाला. मला ही गोष्ट सर्वांत पसंत पडली.

नंतर शेजारच्या दुकानातील संगणकावरून मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आमच्याच मॉडेलचे पान काढले आणि इंटेल आरएसटी नावाचा ड्रायव्हर उतरवला. उतरवलेली फाइल तशीच पेनड्राइव्हवर टाकली, तेव्हा काहीच दिसले नाही. ती बांधलेली गाठोडी होती. चढवणीच्या पडद्याला आतला माल सुटा लागतो. गाठोडी सोडून आतील आयएनएफ फाइल असलेला फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवला. मग लोड ड्रायव्हर, ब्राउझ, तो फोल्डर, यादीत इंटेलचे नाव आले, नेक्स्ट. काही क्षणांत पडद्यावर ९३१चा आकडा उभा राहिला. रात्री साडेदहापर्यंत विंडोज चढले. दुसऱ्या दिवशी जुनी डिस्क पुन्हा जोडली, सर्व हिशेब जागच्या जागी होते. विवरणपत्र वेळेवर गेले.

दुसरा मार्गही आहे. एकच डिस्क असेल आणि रेड वापरायचे नसेल, तर विंडोज चढवण्यापूर्वीच बायोसमध्ये व्हीएमडी बंद करता येते. मग विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर पुरतो. मात्र हे कोऱ्या डिस्कवर. आधीच विंडोज असलेल्या संगणकात ही सोय बेधडक चालू-बंद केली, तर विंडोज उघडतच नाही, निळा पडदा येतो. दोन डिस्क मिळून रेडची जोडी केली असेल तर हात लावूच नये, मालाचेच नुकसान होऊ शकते.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. जुन्या डिस्कची प्रत आधी काढा आणि विंडोज चढवताना तिची तार काढून ठेवा.

२. डिलीट किंवा फॉरमॅट दाबण्यापूर्वी पडद्यावरचा आकडा बिलाशी ताडून पाहा.

३. डिस्क दिसत नसेल तर प्रथम बायोसमध्ये पाहा. तेथे दिसली तर दुसरी डिस्क विकत घेण्याची घाई करू नका.

४. ड्रायव्हर आपल्याच मदरबोर्डच्या मॉडेलचा आणि ६४ बिटचा घ्या. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते.

५. सुटे भाग घेताना बोर्डाच्या मॉडेलचे नाव बिलावर लिहून घ्या. पुढे शोधाशोध वाचते.

६. "मीडिया ड्रायव्हर मिळत नाही" असा संदेश आला तर डिस्कलाच दोष देऊ नका. अनेकदा पेनड्राइव्हवरील प्रत सदोष असते. ती पुन्हा बनवा किंवा दुसऱ्या खोबणीत लावून पाहा.

तो कारागीर वाईट माणूस नव्हता. त्याला घाई होती आणि आम्ही आत दोन डिस्क आहेत हे सांगितलेच नव्हते. ती चूक आमची. आपण दुकानात नवा नोकर ठेवला तर कोणता माल कोठे आहे हे त्याला आधी दाखवतो. संगणकाच्या कारागिरालाही तेवढे दाखवायला पाच मिनिटे लागतात. आमच्याकडे आता दर शुक्रवारी दुकान बंद करण्यापूर्वी हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर काढली जाते आणि ती डिस्क घरच्या कपाटात राहते.