पन्नास-पन्नास ओळींची खेप

पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये फॉर लूप लिहिणाऱ्याला कर्सरची आठवणही येत नाही. पण पोस्टग्रेसच्या सोर्समधली पीएल_एक्झेक.सी ही फाइल उघडली, की त्या लूपच्या पोटातला कर्सर दिसतो: पहिल्या खेपेला साधारण दहा ओळी, पुढे पन्नास-पन्नास. ज्यांनी हे आधीच करून ठेवलंय, त्यांचे उपकारच मानायला हवेत. कारण एसपीआय (सर्व्हर प्रोग्रामिंग इंटरफेस) वापरून सी-मध्ये सर्व्हरच्या आत फंक्शन लिहायला बसलं, की ही सगळी उस्तवार आपल्याकडे येते.

एका पतसंस्थेच्या व्याज आकारणीचं असंच एक फंक्शन होतं. लिहिणाऱ्याने सगळी खाती एसपीआय_एक्झिक्यूटने एकदम मागवली होती, मर्यादा शून्य. शून्य म्हणजे सगळ्या ओळी, त्याही बॅकएंडच्या, म्हणजे त्या कनेक्शनच्या प्रोसेसच्या, मेमरीत. खाती वाढत गेली आणि एका रात्री लिनक्सने ती प्रोसेसच मारून टाकली. बॅकएंड असा मेला, की शेअर्ड मेमरी बिघडली असेल या धास्तीने पोस्टमास्टर ही मुख्य प्रोसेस बाकीची कनेक्शनंही तोडते आणि रिकव्हरीला लागते. व्याज राहिलं बाजूला, सगळं कामच ठप्प.

मग कर्सर आला. एसपीआय_प्रिपेअरने क्वेरी एकदा तयार केली, शाखेचा क्रमांक पॅरामीटर म्हणून ठेवला, एसपीआय_कर्सर_ओपनने पोर्टल, म्हणजे कर्सर, उघडलं आणि एसपीआय_प्रोसेस्ड शून्य येईपर्यंत फेच. कोड देखणा होता. मेमरी मात्र चढतच होती! टीममधल्या एका ज्येष्ठ ताईंनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, खेप आणतोयस, पण आधीची सोडतोयस कुठे?" प्रत्येक फेच आणलेल्या ओळींचा नवा ट्यूपल टेबल बनवतो आणि तो एसपीआय_फिनिशपर्यंत तसाच पडून राहतो. लूपमध्ये एसपीआय_फ्रीटपटेबलची एक ओळ घातली आणि मेमरी जागच्या जागी थांबली.

दुसरं दुखणं जास्त लबाड निघालं. प्लॅन स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवला होता, पुन्हा पुन्हा तयार करावा लागू नये म्हणून. पण एसपीआय_कीपप्लॅन केल्याशिवाय तो एसपीआय_फिनिशबरोबरच जातो, पॉइंटर तेवढा मागे राहतो. पहिली हाक बिनचूक, त्याच सेशनमधली दुसरी थेट क्रॅशच्या तोंडी. चाचणीत कुणी दुसऱ्यांदा चालवून पाहिलंच नव्हतं, कारण दरवेळी नवं कनेक्शन उघडलं जायचं.

कर्सर आणि प्रिपेअर केलेला प्लॅन ही जोडी उत्तम आहे, मोठ्या टेबलासाठी मी तीच वापरेन. फक्त असं फंक्शन प्रॉडक्शनला पाठवण्याआधी एकाच सेशनमध्ये लागोपाठ दोनदा चालवा, खऱ्या आकाराच्या टेबलावर चालवा आणि त्या वेळी बॅकएंडची मेमरी बघत बसा.