आफ्रिकेत पीठगिरणी टाकताना

आपल्याकडे पीठगिरणी म्हटली की दगडाची चक्की आणि गहू-ज्वारीचे दळण डोळ्यांपुढे येते. केनिया, टांझानियात हा धंदा गल्लोगल्ली आहे, पण तिथे धान्य मका आणि यंत्रही वेगळे. रोजचे जेवण उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. केनियात अशा गिरणीला ‘पोशो मिल’ म्हणतात.

हे यंत्र बहुधा हॅमर मिल असते. आपले मसालेवाले ज्याला पल्व्हरायझर म्हणतात त्याच जातीचे. वेगाने फिरणाऱ्या लोखंडी पट्ट्या दाणा फोडतात आणि जाळीच्या भोकातून जाण्याइतके बारीक पीठच बाहेर पडते. दगडासारखी टाकी लावण्याची कटकट नाही. पट्टीची एक कड झिजली की ती उलटवून दुसरी कड वापरता येते. मात्र समोरासमोरच्या पट्ट्या जोडीने बदलाव्यात, वजन सारखे ठेवावे. नाही तर यंत्र थरथरते आणि बेअरिंग जाते.

यंत्राआधी गिऱ्हाईक पाहावे. टांझानियात साल काढून दळलेल्या पांढऱ्या पिठाला सेम्बे आणि सालासकट दळलेल्याला डोना म्हणतात. सेम्बे करायचे तर साल काढणारा हलर जोडीला हवा, म्हणजे भांडवल आणि इंधन दोन्ही वाढले. निघालेला कोंडा कोंबड्या-गुरांसाठी विकला जातो, तो जमेस धरावा.

लहान धंदेवाला फसतो तो क्षमतेच्या आकड्याला. १० अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर तासाला सुमारे ८ युनिट वीज घेते. ताशी २०० किलो पीठ निघाले तर १०० किलोमागे ४ युनिट पडतात. १२० किलोच निघाले तर साडेसहाच्या वर. जाळी बारीक झाली की उत्पादन घटते, आणि उगालीला पीठ बारीकच लागते. म्हणून पैसे देण्याआधी आपला मका, आपल्याला हवी ती जाळी आणि हातात घड्याळ घेऊन दळून पाहावे. एवढ्या मोटरला थ्री फेज लागते. ती नसेल तर डिझेल इंजिन. पण त्याचे सुटे भाग जवळच्या गावात मिळतात का, हे किमतीच्या आधी विचारावे.

दळणाची मजुरी पुष्कळ ठिकाणी ‘डेबे’वर ठरते. हा पत्र्याचा डबा, मका भरला की सुमारे १८ किलो. नाव ऐकून आपल्या माणसाला लगेच आपला डबा आठवेल!

मका ओला असेल तर जाळी बुजते, पीठ गरम होऊन लवकर खराब होते. त्याहून मोठा धोका बुरशीचा. केनियात २००४ साली बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन या विषाने दूषित झालेला मका खाऊन ३१७ जण आजारी पडले, १२५ दगावले. दळल्याने किंवा शिजवल्याने हे विष जात नाही. दाण्यातला ओलावा साडेतेरा टक्क्यांच्या वर नसावा. बुरशी दिसणारे धान्य गिऱ्हाईकाचे असले तरी हॉपरमध्ये घालू नये. मागून येणाऱ्याच्या पिठातही ते मिसळते.

स्वतः मका घेऊन पिशवीबंद पीठ विकण्यात नफा जास्त दिसतो. पण केनियात २०१२ पासून अशा पिठात जीवनसत्त्वे, लोह व जस्त मिसळणे कायद्याने सक्तीचे आहे, त्यासाठी वेगळे यंत्र लागते. पहिली एक-दोन वर्षे मजुरीच्या दळणावरच काढावीत, हे बरे.