झ्यूस हाजिर हो!

ग्रीसच्या सर्वोच्च न्यायालयाला आजही एका आरोपीचं नाव आहे. आरोपी म्हणजे युद्धदेव आरेस. समुद्रदेव पोसायडनच्या मुलाने आरेसच्या लेकीवर हात टाकला, आरेसने त्याला जागीच संपवला, आणि अथेन्सच्या एका खडकाळ टेकडीवर देवांनी खुनाचा खटला भरवला. निकाल : निर्दोष! टेकडीला नाव पडलं ‘आरेओस पागोस’, म्हणजे आरेसची टेकडी. पुढे तिथे अथेन्सचं खरंखुरं न्यायमंडळ बसू लागलं, आणि आधुनिक ग्रीसने तेच नाव आपल्या न्यायालयाला दिलं.

एवढं होऊनही बिचाऱ्या आरेसची पत काही वाढली नाही. होमरच्या ‘इलियड’मध्ये डायोमिडीज नावाचा साधा मर्त्य माणूस त्याला भाल्याने जखमी करतो (अथेना देवीची फूस असते, ते सोडा). तेव्हा हा युद्धदेव नऊ-दहा हजार माणसांच्या आवाजात बोंबलतो आणि तक्रार घेऊन बापाकडे जातो. झ्यूस काय म्हणतो? सगळ्या देवांत मला तूच जास्त नावडतोस! दुसऱ्या एका कथेत दोन आडदांड भाऊ आरेसला 13 महिने काशाच्या रांजणात कोंडून ठेवतात. रोमन लोकांनी मात्र त्याची सांगड आपल्या मार्सशी घातली, आणि मार्स तर रोमच्या संस्थापकाचा, रोम्युलसचा बाप. तलवारीवर साम्राज्य उभारणाऱ्यांना युद्धदेव नावडून कसं चालेल?

आणि आरेसचा बाप? देवांचा राजा झ्यूसच्या प्रेमाच्या भानगडींना आजचेच लोक नाकं मुरडतात असं समजू नका. इ.स.पू. पाचव्या शतकात युरिपिडीजच्या ‘आयॉन’ नाटकात देवळातच वाढलेला एक पोरगा अपोलोला सुनावतो, की तू, पोसायडन आणि झ्यूस बायकांवरच्या अत्याचारांचा दंड भरायला बसलात तर देवळांच्या तिजोऱ्या रिकाम्या होतील. त्याहून धमाल ॲरिस्टोफेनिसच्या ‘बेडूक’ नाटकात. तिथे नाट्यदेव डायोनिसस स्वतःच पात्र आहे. तो भीतीने कपडे खराब करतो, फटके खातो, आणि ‘मला वाचव’ म्हणून प्रेक्षकांत बसलेल्या स्वतःच्याच पुजाऱ्याचा धावा करतो! इ.स.पू. 405 मध्ये, डायोनिससच्याच उत्सवात, या नाटकाने पहिलं बक्षीस पटकावलं. सहाच वर्षांनी याच अथेन्सने सॉक्रेटिसला विषाचा प्याला दिला. शहराचे देव मानत नाही, हा त्याच्यावरचा एक आरोप होता. नाटकात चाललं ते चौकात चाललं नाही.

देवांना वकीलही मिळाले. होमरचा जुना भाष्यकार थिआजिनीस याचा बचाव असा, की होमरच्या देवांची भांडणं शब्दशः घेऊ नका. ती आग आणि पाणी, उष्ण आणि थंड यांची झुंज आहे. पुढे युहेमरस नावाचा लेखक म्हणाला, देव म्हणजे जुने राजे, लोकांनी त्यांना मखरात बसवलं. (क्रीट बेटावरचे लोक तर झ्यूसची कबरच दाखवत.) प्लेटोला तर, युहेमरसच्याही आधी, रूपकाचा बचाव पटला नव्हता. रूपक असो की नसो, पोरांच्या कानांवर असल्या गोष्टी नकोत, असं म्हणून त्याने आपल्या आदर्श नगरीत होमरला कात्री लावली.

आता आजची जनता. पाताळाचा राजा हेडीस ग्रीकांना भीतिदायक वाटे, पण तो सैतान नव्हता. 1997 च्या डिस्नेच्या ‘हर्क्युलीस’ने त्याला खलनायक केलं. पुढे ‘लोर ऑलिंपस’ या वेबकॉमिकने त्यालाच रोमँटिक नायक बनवलं आणि नायिका पर्सेफनीची आई, पिकांची देवी डिमीटर, लुडबुडी ठरली. डिमीटरचं मूळ ग्रीक स्तोत्र वाचा! झ्यूसच्या संमतीने हेडीस पोरीला पळवतो, तिला कुणी विचारत नाही. मग डिमीटर पृथ्वीवरचं पीकपाणी बंद पाडते. देवांनाही नैवेद्य मिळेना, तेव्हा कुठे झ्यूस वठणीवर येतो. माझं मत डिमीटरला.

आणि झ्यूसची बायको हेरा? नवऱ्याच्या प्रेयसींचा छळ करणारी म्हणून ती कायम बदनाम. पण आकाशात बघा. गुरू ग्रह म्हणजे ज्युपिटर, रोमन झ्यूस. त्याचे चार मोठे चंद्र आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो. झ्यूसने भुलवलेल्या किंवा पळवलेल्या मंडळींची ही नावं 1614 मध्ये सायमन मारियसने छापली. 2011 मध्ये नासाने तिकडे यान धाडलं, त्याचं नाव जूनो, म्हणजे रोमन हेरा. 2016 मध्ये ते पोचलं. यानात लेगोच्या तीन ॲल्युमिनियमच्या बाहुल्या आहेत : दुर्बीण घेतलेला गॅलिलिओ, वीज धरलेला ज्युपिटर, आणि हातात भिंग घेतलेली त्याची बायको.