सशाच्या कातडीखालची गाठ



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आता नातवंडांचा ससा असतो. मुले सकाळी शाळेत जातात, त्यांचे आईवडील कामावर जातात, आणि घरी उरतात ससा व आजी-आजोबा. गवत घालणे, पाणी बदलणे, पिंजरा झाडणे ही कामे मग आपल्याकडेच येतात. त्यामुळे सशाच्या अंगावर एखादी लहानशी गाठ आली, तर ती सर्वांत आधी आपल्या बोटांना लागते. अशा वेळी काय करावे आणि काय करू नये, ते या लेखात सांगणार आहोत. आम्ही पेशाने शिक्षक, डॉक्टर नव्हे. पण सशाला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे आमच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. जे समजले नाही ते पुन्हा पुन्हा विचारले आणि वहीत उतरवून ठेवले. त्या वहीचा हा गोषवारा.

माणसाचे गळू आणि सशाचे गळू

लहानपणी कोकणात आपल्या कुणाला गळू झाले की घरातली वडीलमाणसे काय करीत ते आठवा. कणकेचे गरम पोटीस बांधायचे, हळदीचा लेप लावायचा आणि गळू पिकण्याची वाट पाहायची. पिकले की ते फुटे, पू वाहून जाई आणि चार दिवसांत जखम भरून येई. माणसाच्या बाबतीत हा उपाय पुष्कळदा लागू पडे, कारण माणसाचा पू पातळ असतो व वाट मिळाली की बाहेर पडतो.

सशाचे तसे नाही. सशाचा पू पातळ होत नाही. श्रीखंडासाठी दही टांगून ठेवल्यावर जसा घट्ट चक्का होतो, तसा तो असतो. शिवाय त्याच्या भोवती शरीर एक जाड पिशवी तयार करते. वरून शेक द्या, लेप लावा, तो वाहून जात नाही. डॉक्टरांनी नुसती चीर देऊन पू काढला, तरी पिशवी आत राहिली तर गाठ पुन्हा भरते. आणि आपण बोटांनी दाबून पिळायला गेलो, तर पिशवी आतल्या आत फुटून रोग आजूबाजूला पसरतो. म्हणून पहिला नियम हा की सशाच्या गाठीला शेक नको, लेप नको, पिळणे नको, सुई टोचणे नको, आणि ‘पिकू दे, मग बघू’ हेही नको.

प्रत्येक गाठ गळू नसते

हाताला काही लागले म्हणजे ती गाठच असे नाही. सशाच्या मादीला हनुवटीखाली कातडीची एक मऊ, जाड घडी असते. ती जन्माने मिळालेली ठेवण आहे, सूज नव्हे. पोटाच्या दोन्ही बाजूंना स्तनाग्रांच्या रांगा असतात, त्याही केसांतून बारीक पुळ्यांसारख्या लागतात. नर सशाचे अंड वर पोटात ओढले जाऊ शकतात. त्यामुळे आज लागलेली गाठ उद्या नाहीशी झाली असे वाटते. शेपटीखाली, मागील बाजूस दोन लहान खळगे असतात, त्यांत गडद मेणासारखा मळ साचतो. हे सारे नेहमीचे आहे. मात्र म्हाताऱ्या नराचा एक अंड दुसऱ्यापेक्षा मोठा किंवा कडक लागला, तर तो दाखवलाच पाहिजे.

आता खऱ्या गाठी पाहू. कुठे चावा बसला, पिंजऱ्याची तार लागली, काटा रुतला, तर तिथे गळू होते. दोन ससे एकत्र असतील तर चाव्याचा संशय आधी घ्यावा. जबड्याखाली किंवा गालावर गाठ असेल तर मूळ बहुधा दातात असते. सशाला २८ दात असतात आणि ते सारे आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला सुमारे दोन-तीन मिलिमीटर वाढतात. गवत चघळून चघळून ते झिजावे लागतात. ससा गवत कमी आणि दुकानातले दाणे जास्त खात असेल, तर दाढा वाकड्या वाढतात, मुळे हाडात खुपतात आणि तिथे पू धरतो. बाहेरून वाटाण्याएवढी दिसणारी गाठ आत हाडापर्यंत गेलेली असू शकते.

तिसरा प्रकार केसांच्या मुळाशी उगवणाऱ्या गाठींचा. मध्यम वयाच्या आणि म्हाताऱ्या सशांत ही गाठ नेहमी आढळते. ती हळूहळू वाढते आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. चौथा प्रकार चरबीच्या गाठीचा, जिला आपण आवाळू म्हणतो. ती मऊ असते व बोटाखाली सरकते. पाचवा प्रकार मादीच्या स्तनातल्या गाठीचा. ज्या मादीचे गर्भाशय काढलेले नाही, तिला चार वर्षांनंतर गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा धोका मोठा असतो. स्तनातली गाठ कधी कधी त्याच आजाराची सोबतीण असते. अशी गाठ लागली तर थांबू नये.

हाताने ओळखता येत नाही

आमच्या नातीच्या सशाला एकाच वर्षी दोन गाठी आल्या. एक खांद्यांच्या मध्ये, चांगली सुपारीएवढी. दुसरी जबड्याखाली, वाटाण्याहून लहान. घरात सर्वांना मोठीची भीती वाटली. डॉक्टरांनी दोन्हींत बारीक सुई घालून थोडा थोडा अंश काढला आणि तपासला. मोठी निघाली चरबीची. तिला हात लावायचा नाही, फक्त दर महिन्याला मोजायची, असे ठरले. लहान निघाली पुवाची. डोक्याचा एक्स-रे काढला तेव्हा दाढेचे मूळ खराब झालेले दिसले. ती दाढ काढावी लागली, पिशवी काढावी लागली, आणि जखम मुद्दाम उघडी ठेवून तीन आठवडे रोज दोनदा मिठाच्या निर्जंतुक पाण्याने धुवावी लागली. त्यानंतर तो ससा दोन वर्षे आनंदाने जगला. वाटाण्याएवढी असतानाच ती गाठ दाखवली म्हणून हे घडले. महिनाभर थांबलो असतो तर जबड्याचे हाड गेले असते, असे डॉक्टर म्हणाले.

यावरून शिकायचे ते एवढेच की गाठीच्या आकारावरून तिचा स्वभाव कळत नाही. बोट सांगते, ‘इथे काहीतरी आहे.’ ते काय आहे हे सुई सांगते, आणि गरज पडली तर एक्स-रे.

तपासावे कसे

आठवड्यातून एकदा सशाच्या सर्वांगावरून हात फिरवावा. आमच्या घरी त्यासाठी रविवारची सकाळ ठरलेली आहे. त्याला कारण आहे. शुक्रवारी दुपारी गाठ सापडली तर दवाखाने बंद, आणि सारा शब्बाथ काळजीत जातो. रविवारी सापडली तर पुढे सबंध आठवडा मोकळा असतो.

सशाला कान धरून कधीही उचलू नये. एक हात छातीखाली, दुसरा पाठीमागच्या पायांखाली धरावा. त्याचे मागचे पाय फार जोरकस असतात. अधांतरी लाथ मारली तर त्याच्याच पाठीचा कणा मोडू शकतो. आपल्या हातांत आता पूर्वीचे बळ नाही. म्हणून त्याला न उचलता सतरंजीवर किंवा पलंगावर टॉवेल पसरून त्यावर बसवावे व आपण जवळ बसावे. त्याला उताणे करू नये. उताणा ससा गप्प पडतो तो सुखाने नव्हे, भीतीने.

हनुवटीपासून सुरुवात करावी. दोन्ही जबडे एकाच वेळी दोन हातांनी चाचपावेत, म्हणजे उजवे-डावे सारखे आहे की नाही ते लगेच कळते. मग मान, खांदे, पाठ, काखा, पोट, मांड्या आणि तळपाय. गाठ लागली तर तारीख, जागा आणि आकार वहीत लिहावा. आकार मसुराएवढा, वाटाण्याएवढा, हरभऱ्याएवढा असा लिहिला तरी चालतो. ती कडक की मऊ, सरकते की घट्ट बसलेली, गरम आहे काय, ससा दचकतो काय, हेही लिहावे. जमल्यास सशाला टोपलीत बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करावे. घटलेले वजन डोळ्यांना दिसत नाही, काटा मात्र लपवत नाही.

कधी धावपळ करावी

ससा हा दुसऱ्यांचे भक्ष्य होणारा प्राणी आहे. रानात आजारी दिसणारा ससा आधी पकडला जातो, म्हणून दुखणे लपवणे त्याच्या रक्तातच असते. तो ओरडत नाही. पण खाणे सोडतो, आणि तीच त्याची हाक समजावी. सशाचे आतडे सतत चालू राहावे लागते. त्याने बारा तास काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर गाठ राहू द्या बाजूला, त्याला त्याच दिवशी, शब्बाथ असला तरी, तातडीच्या दवाखान्यात न्यावे. हनुवटी लाळेने ओली राहणे, आवडीचे गाजर तोंडात घेऊन टाकून देणे, एका डोळ्यातून पाणी वाहणे, ही दातांच्या दुखण्याची लक्षणे आहेत. गाठ फुटून जखम झाली असेल तर उन्हाळ्यात विशेष जपावे. माशा जखमेवर अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होतात.

ससा खातो-पितो आहे, खेळतो आहे, आणि नुसती लहान गाठ आहे, तर घाबरण्याचे कारण नाही. पण त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावी.

औषधांबद्दल

घरातल्या कपाटात उरलेली माणसांची औषधे सशाला देऊ नयेत. अमॉक्सिसिलिन आपण सारे ओळखतो. तेच सशाच्या तोंडावाटे गेले, तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांसाठी मानेवर टाकतात त्यांतले फिप्रोनिल नावाचे औषधही सशाला विषारी आहे. आणखी एक गोष्ट. माणसाला शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवतात, सशाला ठेवत नाहीत. त्याला उलटी होतच नाही, आणि उपासाने आतडे थांबते. कुणी ‘रात्रीपासून उपाशी ठेवा’ असे सांगितले, तर सशाबद्दलच बोलणे चालू आहे ना, हे नम्रपणे पुन्हा विचारावे.

डॉक्टरांशी बोलताना

सगळेच वेटरिनार ससे पाहत नाहीत. फोनवर आधी विचारावे की ‘हायोत एकझोतियोत’ पाहणारे डॉक्टर आहेत का. प्राणी सांगताना ‘अर्नाव’ म्हणावे. मुले सशाला ‘शाफान’ही म्हणतात, पण खरा शाफान म्हणजे एन गेदीच्या खडकांवर दिसतो तो. गाठीला ‘गुश’ म्हणतात, गळवाला ‘मुर्सा’. ‘येश लो गुश मितखात ला-ओर’ म्हणजे त्याच्या कातडीखाली गाठ आहे. ‘हू लो ओखेल मे-एत्मोल’ म्हणजे तो कालपासून खात नाही. हे दुसरे वाक्य बोललात की ‘तोर दाखुफ’, म्हणजे तातडीची वेळ, मागायला संकोच करू नका. बेत दगान येथे हिब्रू विद्यापीठाच्या कोरेत पशुवैद्यकीय शाळेचे शिकवणी रुग्णालय आहे. तिथे किंवा आपल्या गावाजवळ सशांचे डॉक्टर केव्हा असतात, ते आजच विचारून नंबर फ्रिजवर लावून ठेवावा.

कुपात खोलीमचे कार्ड इथे चालत नाही. म्हणून तपासणीचा, सुईचा, एक्स-रेचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च वेगवेगळा विचारावा. त्यात लाज नाही. ससा म्हातारा असेल, गाठ निरुपद्रवी असेल आणि त्याला त्रास नसेल, तर ‘काही न करता लक्ष ठेवणे’ हाही डॉक्टरी उपचारच आहे. याउलट दुखणे हाताबाहेर गेले असेल, तर त्याला वेदनेतून सोडवणे हीही दयाच. पण हा निर्णय तपासणीनंतर घ्यायचा, अंदाजाने नव्हे.

नातवंडांपासून गाठ लपवू नये. मुलाचे बोट अलगद तिथे ठेवून दाखवावे, वहीत त्याच्याच हातून तारीख लिहून घ्यावी आणि त्याला दवाखान्यात सोबत न्यावे. मुक्या जिवाची जबाबदारी म्हणजे काय, हे शाळेत चाळीस मुलांना एकदम शिकवणे अवघड जाते. घरी एका मुलाला ते एका दुपारी कळते.