चौकट : हशा लिहिणारे दोघे

अशोक पाटोळे हे मूळचे मराठी रंगभूमीचे लेखक. ‘आई रिटायर होते’, ‘श्यामची मम्मी’ ही त्यांची नाटकं. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर गाजलेली ‘श्रीमान श्रीमती’ त्यांनीच लिहिली. दिग्दर्शक राजन वाघधरे. केशव कुलकर्णी (जतीन कनाकिया), कोकी (रीमा लागू) आणि शेजारचं जोडपं दिलरुबा-प्रेमा : चार माणसं, दोन घरं, आणि प्रत्येक नवऱ्याचा डोळा शेजारणीवर! एवढ्या भांडवलावर मालिका उभी राहिली, कारण दोन खोल्यांत गोंधळ फुलवायची नाटककाराची तालीम पाठीशी होती. हिंदीत असल्याने उल्हासनगरची सिंधी घरं आणि अंबरनाथ-बदलापूरची मराठी घरं, दोघांनाही ती सारखीच कळणारी होती.

अमेरिकेत सॅम सायमनने सुरुवात ॲनिमेशनच्या स्टोरीबोर्डपासून केली. ‘टॅक्सी’, ‘चीअर्स’ या विनोदी मालिका लिहिल्यावर मॅट ग्रेनिंग आणि जेम्स ब्रुक्स यांच्यासोबत त्याने ‘द सिम्पसन्स’ घडवली. 17 डिसेंबर 1989 रोजी ती सुरू झाली. सायमनने तिथे लेखकांची फळी जमवली. संवाद आधी एकत्र बसून वाचायचे, घासूनपुसून घ्यायचे, चित्रं नंतर. त्या चित्रांना पुढे कित्येक महिने लागत, म्हणून कागदावरचा विनोद पक्काच हवा. 1993 मध्ये तो बाहेर पडला, पण मालिकेच्या उत्पन्नातला वाटा राहिला. त्यातला मोठा भाग त्याने प्राण्यांच्या सेवेसाठी दिला.

पाटोळे आणि सायमन, दोघेही 2015 मध्ये गेले. बदलापूर लोकलमध्ये बसून स्किट लिहिणाऱ्या तरुणांनी दोघांचंही काम जरूर पाहावं.