प्रोटॉन आजवर कुणी पाहिलेला नाही, मग त्याच्या आत काय आहे हे कळलं कसं?

कलिंगड घेताना ते कापून बघता येत नाही. म्हणून आपण त्यावर बोटांनी टकटक करतो, आवाज ऐकतो आणि आतून कसं निघेल याचा अंदाज बांधतो. न उघडता आतलं ओळखायचं, तर बाहेरून धक्का द्यायचा आणि काय परत येतं ते नीट बघायचं.

प्रोटॉनच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी साधारण हाच मार्ग धरला. फक्त बोटांऐवजी त्यांनी इलेक्ट्रॉन वापरले आणि टकटक करायला 3 किलोमीटरहून लांब यंत्र बांधलं.

इंटरनेटवर 'प्रोटॉन' शोधलं की बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं: एका गोलात तीन रंगीत चेंडू. तो फोटो नाही, प्रोटॉनचा तसा फोटो काढताच येत नाही. मग आत क्वार्क आहेत हे शास्त्रज्ञ इतक्या खात्रीने कसं सांगतात? आणि ते तीन चेंडूंचं चित्र कितपत खरं आहे?

सूक्ष्मदर्शकाने का दिसत नाही?

प्रोटॉन किती लहान आहे ते आधी पाहू. त्याचा व्यास साधारण 1.7 फेम्टोमीटर आहे. एका मिलिमीटरमध्ये 1 लाख कोटी फेम्टोमीटर बसतात.

एखादी वस्तू दिसायची, तर तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी त्या वस्तूपेक्षा लहान असावी लागते. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 40 ते 70 कोटी फेम्टोमीटर असते. समुद्राच्या लाटेला वाळूच्या एका कणाचा पत्ताही लागत नाही, तसंच हे आहे. त्यामुळे सूक्ष्मदर्शक कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

इथे क्वांटम भौतिकशास्त्र मदतीला येतं. इलेक्ट्रॉनसारख्या कणालाही तरंगलांबी असते आणि कणाची ऊर्जा जितकी जास्त, तितकी ती कमी होते. म्हणजे इलेक्ट्रॉनला प्रचंड ऊर्जा दिली, तर तो प्रोटॉनच्या आतले बारकावे टिपू शकतो. लहानात लहान गोष्ट बघायला अवाढव्य यंत्रं का लागतात, याचं उत्तर यात आहे.

स्कॅटरिंग म्हणजे नेमकं काय?

स्कॅटरिंग म्हणजे विखुरणं. एका लक्ष्यावर कणांचा झोत सोडायचा. कोणते कण सरळ गेले, कोणते किती कोनात वळले आणि वळताना त्यांनी किती ऊर्जा गमावली, हे मोजायचं. या आकड्यांवरून लक्ष्याच्या आत काय असेल ते उलट दिशेने शोधून काढायचं.

याची सुरुवात 1909 मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरला झाली. अर्नेस्ट रुदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर आणि अवघ्या 20 वर्षांचा विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन यांनी धातूच्या अतिशय पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले. बहुतेक कण सरळ आरपार गेले. पण साधारण 8 हजारांत एक कण चक्क मागे फिरला.

अणूमध्ये धनप्रभार सगळीकडे सारखा पसरलेला असता, तर असं घडायला नको होतं. याचा अर्थ आत काहीतरी लहान, जड आणि घट्ट होतं. 1911 मध्ये रुदरफोर्ड यांनी अणूच्या केंद्रकाची कल्पना मांडली. त्यातल्या धनप्रभारित कणाला 'प्रोटॉन' हे नाव 1920 मध्ये मिळालं.

प्रोटॉन साधा ठिपका नाही, हे कधी कळलं?

बराच काळ प्रोटॉन हा मूलभूत कण मानला जात होता. म्हणजे त्याच्या आत आणखी काही नाही.

पहिली शंका 1933 मध्ये आली. जर्मनीत ऑटो स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोटॉनचं चुंबकत्व मोजलं, तर ते अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. आजच्या मोजमापानुसार ते 2.79 पट आहे. साध्या ठिपक्यासारख्या कणाकडून ही अपेक्षा नव्हती.

मग 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी प्रोटॉनवर इलेक्ट्रॉनचा मारा सुरू केला. इलेक्ट्रॉन निवडण्याची दोन कारणं होती. एक म्हणजे, आजवरच्या माहितीनुसार इलेक्ट्रॉनच्या आत आणखी काही नाही, त्यामुळे उत्तरात त्याची स्वतःची भेसळ होत नाही. दुसरं म्हणजे, त्याच्यावर काम करणाऱ्या विद्युतचुंबकीय बलाचं गणित शास्त्रज्ञांना पक्कं ठाऊक होतं.

प्रोटॉन ठिपका असता, तर मोठ्या कोनात किती इलेक्ट्रॉन वळतील याचा हिशेब आधीच मांडता येत होता. प्रत्यक्षात त्याहून कमी इलेक्ट्रॉन वळले. म्हणजे प्रोटॉनचा प्रभार एका जागी नव्हता, पसरलेला होता. हॉफस्टॅटर यांनी त्याची त्रिज्या सुमारे पाऊण फेम्टोमीटर काढली. 1961 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

प्रोटॉनला आकार आहे हे सिद्ध झालं. पण तो आतून मऊ ढगासारखा आहे की त्यात दाणे आहेत?

कापसाच्या पोत्यात गारगोट्या

1964 मध्ये मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे एक कल्पना मांडली. प्रोटॉनसारखे कण आणखी लहान घटकांपासून बनलेले असावेत. गेल-मान यांनी त्यांना 'क्वार्क' म्हटलं. अडचण अशी की या क्वार्कचा प्रभार चक्क अपूर्णांकात होता: +2/3 आणि -1/3. असा सुटा कण कुणालाच सापडला नव्हता. त्यामुळे अनेकांना क्वार्क ही निव्वळ गणिताची सोय वाटत होती.

तोवर कॅलिफोर्नियात 'स्लॅक' या प्रयोगशाळेचं 2 मैल, म्हणजे सुमारे 3.2 किलोमीटर लांबीचं सरळ रेषेतलं त्वरक यंत्र उभं राहिलं. ते इलेक्ट्रॉनला सुमारे 20 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा द्यायचं. या ऊर्जेला इलेक्ट्रॉनची तरंगलांबी प्रोटॉनच्या व्यासापेक्षा 25 पटींहून लहान होते. लक्ष्य होतं द्रवरूप हायड्रोजन, कारण हायड्रोजनच्या केंद्रकात एकच प्रोटॉन असतो.

1967 पासून एमआयटी आणि स्लॅकच्या शास्त्रज्ञांनी इथे मोजमाप सुरू केलं. नेतृत्व जेरोम फ्रीडमन, हेन्री केंडल आणि रिचर्ड टेलर यांचं होतं.

इथे टकरीचे दोन प्रकार लक्षात घ्या. पहिल्यात प्रोटॉन अख्खाच्या अख्खा मागे ढकलला जातो. दुसऱ्यात इलेक्ट्रॉन इतक्या जोरात आदळतो की प्रोटॉन फुटतो आणि त्या ऊर्जेतून नवे कण तयार होतात. हा दुसरा प्रकार म्हणजे 'डीप इनइलॅस्टिक स्कॅटरिंग'. गंमत म्हणजे यात फुटलेल्या तुकड्यांचा माग काढावाच लागत नाही. बाहेर आलेल्या इलेक्ट्रॉनचा कोन आणि त्याची उरलेली ऊर्जा एवढं मोजलं तरी पुरतं.

आता एक कापसाचं पोतं डोळ्यासमोर आणा. त्यावर छर्रे मारले, तर ते थोडेफार वळून आरपार जातील. पण काही छर्रे ताडकन भलत्याच दिशेला उडाले तर? आत गारगोट्या आहेत हे पोतं न उघडता कळेल.

स्लॅकमध्ये तेच झालं. प्रोटॉन मऊ असता, तर टक्कर जोरदार होत जाईल तसं मोठ्या कोनात वळणाऱ्या इलेक्ट्रॉनचं प्रमाण झपाट्याने घसरायला हवं होतं. अख्खा प्रोटॉन ढकलला जाण्याच्या टकरींमध्ये ते घसरतही होतं. पण प्रोटॉन फोडणाऱ्या टकरींमध्ये ते फारसं घसरलं नाही. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त इलेक्ट्रॉन मोठ्या कोनात वळत होते.

आणखी एक खूण होती, ती सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ जेम्स ब्योर्कन यांनी आधीच सांगितली होती. आपण फोटो झूम करतो तेव्हा नवे तपशील दिसतात. पण झूम वाढवत नेला तरी चित्र बदललंच नाही, तर समोर आकार नसलेला ठिपका आहे असं समजावं. स्लॅकच्या आकड्यांमध्ये तेच दिसलं. 1968 मध्ये रिचर्ड फाइनमन यांनी स्लॅकला भेट दिली आणि प्रोटॉनच्या आतल्या या ठिपक्यांना 'पार्टॉन' म्हटलं.

पण ते क्वार्कच होते कशावरून?

ठिपके आहेत हे कळलं, पण ते गेल-मान यांचेच क्वार्क कशावरून? यासाठी वेगळा कण वापरला गेला, तो म्हणजे न्यूट्रिनो. न्यूट्रिनोला विद्युतप्रभाराशी काही देणंघेणं नसतं, इलेक्ट्रॉनला मात्र असतं. 1970 च्या दशकात युरोपातल्या 'सर्न' प्रयोगशाळेच्या गार्गामेल प्रयोगात न्यूट्रिनोच्या टकरी मोजल्या गेल्या. दोन्हींच्या निकालांची तुलना केल्यावर आतल्या ठिपक्यांच्या प्रभाराचा हिशेब 2/3 आणि 1/3 शी जुळला. ज्याला गणिताची सोय म्हटलं जात होतं, ते खरोखर अस्तित्वात होतं.

मग सुटा क्वार्क का सापडत नाही? 1973 मध्ये डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्चेक आणि डेव्हिड पॉलिट्झर यांनी याचं कोडं सोडवायला सुरुवात केली. क्वार्कना बांधणारं बल अगदी जवळच्या अंतरावर सैल पडतं आणि क्वार्क लांब जायला लागले की ते आवळत जातं. म्हणून आत ते मोकळे वाटतात, पण बाहेर पडू शकत नाहीत. या तिघांना 2004 मध्ये नोबेल मिळालं. फ्रीडमन, केंडल आणि टेलर यांना ते त्याआधी, 1990 मध्ये मिळालं होतं.

तीन चेंडूंचं चित्र चुकीचं आहे का?

पूर्ण चुकीचं नाही, पण फार अपुरं आहे.

शास्त्रज्ञांनी सगळ्या क्वार्कचा संवेग एकत्र केला, तर तो प्रोटॉनच्या एकूण संवेगाच्या जेमतेम निम्मा भरला. उरलेला निम्मा होता ग्लुऑनकडे. क्वार्कना एकमेकांशी बांधणारे हे कण आहेत. त्यांचा थेट पुरावा 1979 मध्ये जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या 'डेसी' प्रयोगशाळेत मिळाला.

त्याच प्रयोगशाळेत 1992 ते 2007 या काळात 'हेरा' हे 6.3 किलोमीटर परिघाचं यंत्र चाललं. त्यात इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकमेकांवर समोरासमोर आदळवले जायचे. झूम वाढला तसं कळलं की प्रोटॉनच्या आत ग्लुऑनची अक्षरशः झुंबड आहे. क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या जोड्याही सतत तयार होतात आणि नाहीशा होतात. फक्त एक हिशेब कायम राहतो: क्वार्कमधून प्रतिक्वार्क वजा केले की 3 उरतात. चित्रातले तीन चेंडू म्हणजे ही बाकी.

याचा तुमच्या-माझ्याशी काय संबंध?

वजनकाट्यावर उभे राहा. समजा काटा 60 किलो दाखवतो. हे वजन जवळपास सगळं प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचं आहे. पण त्यांच्यातल्या त्या 3 क्वार्कच्या स्वतःच्या वस्तुमानाची बेरीज एकूण वजनाच्या फक्त 1 टक्क्याच्या आसपास भरते. म्हणजे 60 किलोत जेमतेम 600-700 ग्रॅम. बाकीचं वजन येतं आतल्या धावपळीच्या आणि बांधून ठेवणाऱ्या बलाच्या ऊर्जेतून. आइन्स्टाइन यांनी सांगितलेलं ऊर्जा आणि वस्तुमान यांचं नातं आपल्या हाडामांसात भरलेलं आहे.

दुसरा संबंध प्रयोगांशी आहे. सर्नमधल्या एलएचसी यंत्रात प्रोटॉनच प्रोटॉनवर आदळतात. टक्कर खरं तर आतल्या क्वार्क आणि ग्लुऑनची होते. त्यामुळे आत कोण किती संवेग घेऊन फिरतंय याचा नकाशा हाताशी नसेल, तर निकालांचा अर्थच लावता येत नाही. 2012 मध्ये हिग्ज बोसॉन सापडला तेव्हाही हा नकाशा लागला होता. तो शोध जाहीर करणाऱ्या दोन प्रयोगांपैकी एक म्हणजे सीएमएस. त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही सहभागी आहेत.

अजून काय कळायचं बाकी आहे?

बरंच काही. प्रोटॉनला 'स्पिन' नावाचा गुणधर्म असतो. तो क्वार्ककडूनच येत असेल असं वाटत होतं. पण 1980 च्या दशकाच्या अखेरीस सर्नमधल्या एका स्कॅटरिंग प्रयोगाने धक्का दिला. क्वार्कच्या स्पिनचा वाटा फार कमी निघाला. आज तो 30 टक्क्यांच्या आसपास मानला जातो. उरलेल्याचा पूर्ण हिशेब अजून लागलेला नाही.

त्रिज्येवरूनही वाद झाला. 2010 मध्ये वेगळ्या पद्धतीने केलेल्या मोजमापात ती 0.84 फेम्टोमीटर आली. तोवर मानलेला आकडा 0.88 च्या जवळ होता. 2019 मध्ये अमेरिकेतल्या जेफरसन प्रयोगशाळेतल्या नव्या इलेक्ट्रॉन स्कॅटरिंगनेही लहान आकड्याच्याच बाजूने कौल दिला.

या प्रश्नांसाठी आता न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर उभारायचं ठरलं आहे. पद्धत पुन्हा तीच असेल: इलेक्ट्रॉन आदळवायचा आणि तो कसा परततो ते बघायचं.

तेव्हा पुढच्या वेळी तीन चेंडूंचं ते चित्र कुणी पाठवलं, तर ते चूक आहे म्हणून भांडू नका. फक्त एवढं सांगा, की ही वजाबाकीनंतरची बाकी आहे आणि आतली खरी गर्दी चित्रात मावलेली नाही.