आधी छप्पर पाहा

बोदवडचा उन्हाळा तुम्हांला सांगायला नको. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. धाब्याचे घर तरी गार राहते. मातीचा जाड थर उन्हाला अडवतो. पत्रा मात्र लगेच तापतो. म्हणून होळी झाली की पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात द्या. पांढरा रंग ऊन परतवतो.

कूलर असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवा. नाहीतर दमट हवा कोंडते, वीज फुकट जाते. दर आठवड्याला वीज बंद करून टाकी घासा. डास होणार नाहीत.

थंडीत एक जपा. दारे लावून, पेटती शेगडी जवळ घेऊन निजू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो. निजलेला माणूस उठत नाही. शेगडी बाहेर ठेवा, आणखी एक गोधडी घ्या.